दवंडी उठवायची कुणी?

भंडाऱ्याहून परतल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, "मग काय काय बघितलंस?" आता काय सांगणार, कपाळ! साकोलीपासून नागझिऱ्याचं जंगल जवळ, ते पाहिलं नाही. वाघ राहू दे, माकडही दिसलं नाही. मी पाहिल्या त्या सतरंज्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि एका ग्रामपंचायतीच्या पायऱ्या. काकूंना वाटतं मी समाजकार्याच्या नावाखाली हिंडते. हिंडण्यातली मजा कधीच संपली, हे त्यांना सांगून पटायचं नाही.

काम थोडक्यात असं. जातीच्या कारणावरून ज्यांना गावानं वाळीत टाकलं, ज्यांना गाव सोडावं लागलं, त्यांच्यासाठी सरकारनं एक धोरण करावं म्हणून आम्ही काही माणसं अनेक वर्षं धडपडतोय. खटले संपलेत. आरोपी सुटलेत, नाहीतर मेलेत. पण हे खरंच घडलं, असं कुणी तोंडानं म्हटलेलं नाही. ते जाहीर म्हणावं, नुकसान भरून द्यावं, पुन्हा होणार नाही याची हमी द्यावी, एवढंच मागणं. पुस्तकात याला ‘संक्रमणकालीन न्याय’ म्हणतात. हा शब्द मी ज्या ज्या गावात उच्चारला, तिथं समोरच्यानं आधी माझ्याकडं पाहिलं आणि मग दाराकडं.

भंडारा

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची थंडी अंगाला लागत होती. एसटी स्टँडवर रामटेके सर न्यायला आले होते. हे निवृत्त मुख्याध्यापक, आमच्या कामाचे या जिल्ह्यातले एकुलते एक खांब. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि चेहऱ्यावर कायमची काळजी. माझा दुखरा गुडघा पाहून त्यांनी स्कूटर तिथंच ठेवली आणि रिक्षा केली.

"आधी पोहे खाऊ जी. उपाशीपोटी न्याय मांगता येत नाही," ते म्हणाले.

पोह्यांवर इथं लालभडक तर्री ओततात. आमच्या सांगलीकडं पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर पडते, तेवढ्यावर आम्ही खूश. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सर म्हणाले, "सवय होईल." सवय होईपर्यंत प्लेट संपली होती.

बैठक एका सभागृहात होती. ज्या साहेबांनी यायचं कबूल केलं होतं त्यांनी शुभेच्छा पाठवल्या. शुभेच्छा पाठवणारे साहेब मी इतके पाहिलेत की आता त्यांची खुर्ची मांडतानाच मला कळतं. आलेली माणसं मात्र मन लावून ऐकत होती. धोरणाच्या मसुद्यातला एकेक मुद्दा मी वाचला. टाळ्या झाल्या, चहा झाला. एका तरुण वकिलानं विचारलं, "ताई, हे होईल का?" मी नेहमीचं उत्तर दिलं, की आज नाही तर उद्या होईल. हे उत्तर देताना अलीकडं माझा मलाच कंटाळा येतो.

दुपारी बाजारातून चालत गेलो. पितळेच्या दुकानात एका म्हाताऱ्या दुकानदारानं परात बोटावर तोलून टिचकी मारली. तिचा नाद बराच वेळ राहिला. "आवाज खोटा असन तं भांडं खोटं, मॅडम," तो म्हणाला. परात घ्यायचं मनात होतं, पण पिशवीत मसुद्याच्या प्रती होत्या आणि त्याच मला जड झाल्या होत्या.

साकोली

साकोली हायवेवरचं गाव. दुकानं, कचेऱ्या, ट्रकचे भोंगे. शेवंताबाई तिथं मुलाकडं राहतात. मुलाचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, मागं घर. घरात बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्याच रांगेत खाकी कपड्यातल्या एका बारीक माणसाचा फोटो. हे त्यांचे यजमान. सिहोऱ्याच्या बाजूच्या एका गावात ते कोतवाल होते. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अशी गावं सगळीकडं आहेत, एकट्याच्या माथी कशाला मारायचं.

बाईंनी आधी जेवायला बसवलं. नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे गरम वडे. आमच्याकडं पानात भाकरी नसली तर माणूस जेवला असं म्हणत नाहीत. मी दोनदा भात घेतला तरी हात भाकरी शोधत होता. बाईंच्या ते लक्षात आलं. "घ्या ना जी ताई, लाजून राहिल्या काय? भातानं पोट नाही भरत तुमचं?" आणि खो खो हसल्या. सत्तरीच्या पुढच्या, पण हसणं एखाद्या पोरीचं.

जेवणानंतर मी मसुदा वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटले होते. झोपल्या की काय असं वाटेपर्यंत त्या बोलल्या, "समदं चांगलं हाय. पण यात दवंडी कुठी हाय?"

"कसली दवंडी?"

मग त्यांनी सांगितलं. सरांना ते ठाऊक होतं. मला मात्र कागदावर फक्त ‘सामाजिक बहिष्कार, सात कुटुंबं’ एवढंच माहीत होतं.

गावाच्या तलावाचं पाणी रोवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, या सात घरांच्या बांध्यांत येऊ देत नव्हते. त्यावरून मारहाण झाली. यांनी पोलिसांत तक्रार दिली. ती मागं घ्या म्हणून गाव मागं लागलं. यांनी घेतली नाही. तेव्हा चार मोठ्या माणसांनी ठरवलं, की या सात घरांशी बोलायचं नाही, मजुरीला बोलवायचं नाही, किराणा द्यायचा नाही, पाणी द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही. जो बोलेल त्याला दंड. ठरवलं, पण गावाला कळवायचं कसं? गावात काही कळवायचं म्हणजे दवंडी. आणि दवंडी द्यायची कोतवालानं.

"म्हणजे तुमच्याच..."

"हो ना जी. आमच्याच घरच्या माणसानं. त्याले सांगलं, तू दिली नाही तं तुह्या भावाचं घर पेटवून देऊ. लेकरं होती घरात. त्यानं डफडं घेतलं अन् गेला. गल्लीगल्लीनं नावं घेतली. पयलं नाव आपल्याच घराचं घेतलं. मी दारात उभी होती. त्यानं माह्याकडं पाह्यलं नाही."

काही महिन्यांनी सातही घरं गावातून उठली. कुणी नागपूरला गेलं, कुणी भिलाईला. हे साकोलीला आले. खटल्यात पुढं कुणालाच काही झालं नाही. यजमान वारले तोपर्यंत ते कधी मोठ्यानं बोलले नाहीत, असं बाई म्हणाल्या. बाजारात भाजीवाल्याला हाक मारायची तरी बाईंनाच पुढं करत.

"आता गावचे लोक भेटतात, बोलतात. लग्नाच्या पत्रिका येतात," त्या म्हणाल्या. "पण दवंडी दिली तशी कोणी उठवली नाही. त्याच्या तोंडून घातली अन् तशीच हाय. मले पैसे नको जी. मराच्या आधी ते उठलं पायजे. अन् ज्या लोकायनं घालाले लावली, त्यायनं उठवली पायजे. आमच्या माणसानं नाही. आता आमचा माणूस नाही फिरन."

मी मसुद्याच्या समासात ‘दवंडी’ लिहिलं. आमच्या समितीत यावर काय बोलणं होईल ते मला दिसत होतं. कुणीतरी म्हणेल, हा मुद्दा ‘जाहीर कबुली’मध्ये आलाच आहे.

सिहोऱ्याच्या वाटेवर

त्या गावाच्या ग्रामसभेत ठराव घ्यावा म्हणून सर वर्षभर खेटे घालत होते. तरुण सरपंचानं अखेर विषय घेतला होता. आम्ही भाड्याच्या गाडीनं निघालो. सर पुढं, मागं शेवंताबाई आणि मी.

दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेला, काही बांध्यांत कापून पडलेला. सगळं इतकं सोनेरी, की थकलेल्या माणसाला त्याचा रागच यावा. ड्रायव्हर बोलण्याच्या नादात वळण चुकला आणि गाडी एका तलावाच्या पाळीवर जाऊन थांबली. पुढं रस्ता नाही, मागं तनसानं, म्हणजे भाताच्या पेंढ्यानं, भरलेली बैलगाडी. मी खाली उतरले, चिखलात पाय गेला आणि चपलेचा अंगठा तुटला. शेवंताबाईंनी लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून तो बांधून दिला. "ग्रामसभेपुरता टिकन," त्या म्हणाल्या. तो सांगलीपर्यंत टिकला.

सिहोऱ्याला बाजारात थांबलो. उकडलेले शिंगाडे घेतले. शेवंताबाईंनी हॉटेलातून आपली पाण्याची बाटली काठोकाठ भरून घेतली. मी म्हटलं, "गावात मिळेल की पाणी." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. औषधाबिषधाचं काही असेल, असं मी समजले.

गावात

गावात मंडईची तयारी चालू होती. दिवाळीनंतर इकडं गावोगाव मंडई भरते. सासरी गेलेल्या लेकी येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, नाटक होतं. आमच्याकडच्या जत्रेसारखंच, फक्त आमच्याकडं देवाचं निमित्त जास्त आणि इथं पाहुण्यांचं. पोरं स्टेजसाठी खड्डे खणत होती. घंटागाडी कचऱ्याचं गाणं वाजवत फिरत होती आणि मध्येच मंडईची तारीख सांगत होती.

चौकाच्या अलीकडं एका घरातून एक म्हातारी तांब्या घेऊन आली. या कौसल्याबाई. शेवंताबाईंच्या जुन्या शेजारीण, एका चांगल्या शेतकरी घरातल्या. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन या गावात आलेल्या, रोवणीला बरोबर जायच्या. "आली का शेवंता? घे, पाणी घे."

"हाय माह्याजवळ," म्हणून शेवंताबाईंनी बाटली दाखवली. कौसल्याबाई तांब्या धरून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत गेल्या.

सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "दवंडीत होतं ना, पाणी द्याचं नाही, घ्याचं नाही. ते उठलं नाही. म्हणून ही जेव्हा जेव्हा या गावात आली, बाटली घेऊन आली. आणि जेव्हा जेव्हा आली, ती बाई तांब्या घेऊन आली." उन्हात मी दोन घोट मागणारच होते, तेही राहिलं.

ग्रामसभेला माणसं बरी होती, मंडईचा विषय होता म्हणून. सिमेंटच्या रस्त्यानंतर आणि मंडईच्या वर्गणीआधी आमचा विषय आला. सरपंच तिशीतला, सभ्य. त्या वेळी तो पाळण्यात असेल. त्यानं उभं राहून सांगितलं, की आपल्या गावानं सात कुटुंबांवर बहिष्कार टाकला, ते चूक होतं, गाव दिलगीर आहे. हात वर करा. हात वर झाले. ग्रामसेवकानं लिहून घेतलं. टाळ्या. अक्षरशः पाच मिनिटांत!

माझा विश्वास बसेना. किती गावांत पायऱ्या झिजवल्या, कुठं असा ठराव झाला नव्हता. मी लगेच आमच्या गटावर मेसेज टाकला. पुण्याहून, नाशकाहून फुलं यायला लागली. रामटेके सर चष्मा पुसत होते. तेवढ्यात शेवंताबाई उठल्या.

"बाबू, ठराव केला, चांगलं केलं," त्या सरपंचाला म्हणाल्या. "आता दवंडी."

सरपंच हसला. "करू ना आजी. घंटागाडीवर रेकॉर्डिंग लावू. समद्या गावात जाते ती."

"कचऱ्याच्या गाडीवर?"

सभेत हसू पसरलं आणि विरलं. सरपंच ओशाळला. "तसं नाही आजी. बरं, कोतवालाले सांगू?"

"कोतवाल नको. तो बिचारा तिकडच्या गावचा, आमच्यासारखाच. ज्यायनं घालाले लावली, त्यायच्या घरचं कोणी उठवा. डफडं घ्या, नाही तं थाळी घ्या. गल्लीगल्लीनं फिरा अन् सांगा. बस."

ज्या चौघांनी तेव्हा ठरवलं होतं त्यांतले तिघं वारले होते, चौथे अंथरुणाला खिळलेले. त्यांची मुलं, पुतणे समोर बसले होते. त्यांच्यातले एक जण, बाबुराव, पन्नाशीचे, पांढरी टोपी, खुर्चीतून अर्धे उठले. आवाज अगदी मऊ होता.

"मावशी, आमची ना नाही जी. एक काय, दहा ठराव घ्या. माफी पायजे तं आताच हात जोडतो. पण आमी डफडं घेऊन गल्लीनं फिराचं? लोक काय म्हणतील? ते आमचं काम हाय काय?"

माना हलल्या. कुणी चिडलं नाही, कुणी वाईट बोललं नाही. सगळ्यांना बाबुरावांचं म्हणणं रास्त वाटलं, आणि त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. चुकीची कबुली द्यायला हे लोक तयार होते, पण कोतवालाचं डफडं हातात धरायला नव्हते. माझ्या मसुद्यातल्या सगळ्या कलमांत या गोष्टीवर एक ओळ नाही. मी उठून बोलले. काय बोलले ते आठवत नाही. सभेत बोलून बोलून माझं असं झालंय, की वाक्यं आपोआप येतात. सरपंचानं ‘विचार करू’ म्हटलं आणि मंडईच्या वर्गणीचा विषय सुरू झाला.

बाहेर आल्यावर शेवंताबाईंनी माझा हात धरला. "तुमचं काम झालं ना ताई? ठराव भेटला ना?"

"हो," मी म्हटलं.

"मंग ठीक हाय."

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. खिशातला फोन अजून थरथरत होता. मी तो बंद केला.

गाडीकडं जाताना त्यांनी वाट वाकडी करून आपली जुनी जागा दाखवली. घराचा चौथरा उरलाय, त्यावर कुणीतरी तनसाचा ढीग रचलाय. कडेला कडुनिंब. त्या चौथऱ्यासमोर उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "चला."

तेव्हा मागून आवाज आला. ठण्. मग थोड्या अंतरानं पुन्हा ठण्.

कौसल्याबाई आपल्या दारातून निघाल्या होत्या. एका हातात पितळेची परात, दुसऱ्या हातात पळी. सभेत त्या मागं बायकांत बसल्या होत्या, एक शब्द बोलल्या नव्हत्या. चालताना परात घसरत होती, ती त्यांनी पोटाशी धरली होती. मागून त्यांचा मुलगा आला. "माय, काय करून राहिली तू? घरात चाल. लोक पाहून राहिले."

"पाहू दे," त्या म्हणाल्या आणि परातीवर पळी मारली. "ऐका हो... शेवंताच्या घराशी बोलाचं. पाणी द्याचं, पाणी घ्याचं. उठला बहिष्कार."

आवाज चिरका, जेमतेम दोन घरं जाईल एवढा. कोंबड्या पळाल्या. एका दारात दोन बायका आल्या, एका दाराची कडी लागलेली ऐकू आली. कडुनिंबापाशी येऊन कौसल्याबाई थांबल्या. पुढं दुसऱ्यांची घरं लागत होती.

"पुढं नाही येत वो शेवंता," त्या धापा टाकत म्हणाल्या. "गावाचं मले सांगता येत नाही. माह्या घरापुरती उठवली."

शेवंताबाई सरळ उभ्या होत्या. रामटेके सरांनी खिशातून रुमाल काढला. मला वाटलं आता या दोघी गळ्यात पडतील. तसं काही झालं नाही.

"कौसल्या," शेवंताबाई म्हणाल्या, "दवंडी एकदा नसते देत. तीनदा द्या लागते. आमचा माणूस तीनदा बोलला होता."

कौसल्याबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं. मुलाकडं पाहिलं नाही. परात पुन्हा पोटाशी घेतली, दारापर्यंत परत गेल्या आणि तिथून पहिल्यापासून सुरुवात केली. ठण्. ऐका हो. मग परत मागं, आणि पुन्हा. तिसऱ्या खेपेला आवाज पार बसला होता. ओठ हलताना दिसत होते, परात तेवढी वाजत होती. दारातल्या बायका आत गेल्या नव्हत्या.

"ऐकली," शेवंताबाई म्हणाल्या. "आण आता पाणी."

कौसल्याबाईंनी परात मुलाच्या हातात दिली. तो ती धरून तसाच रस्त्यात उभा राहिला, कुठं ठेवावी कळेना म्हणून. त्यांनी आतून तांब्या आणला. शेवंताबाईंनी बाटली माझ्याकडं दिली आणि दोन्ही हातांनी तांब्या धरून, तोंड लावून, घटाघटा पाणी प्यायल्या.

"अजून खारंच हाय वो तुह्या विहिरीचं," त्या म्हणाल्या, आणि रिकामा तांब्या पुन्हा पुढं केला.